मूळ रंग: मंद गुलाबी

हॅल्स्टेड रीजंट या गाडीच्या आतल्या प्लास्टिकचा मूळ रंग मंद गुलाबी आहे. हा निर्णय आमच्या मालक मंडळाच्या वार्षिक सभेत, जेवणं उरकून आइस्क्रीम वाटलं जात असताना, बहुमतानं झाला. त्याआधी तो कोणता होता याच्याशी मंडळाचा संबंध नाही.

निर्णय घ्यावा लागला, कारण विचारायला कोणी उरलं नव्हतं. हॅल्स्टेड कंपनी बुडून जमाना झाला. कारखाना होता तिथे आता गाद्यांचं दुकान आहे आणि कंपनीच्या कागदपत्रांचं काय झालं ते गादीवाल्यांना माहीत नाही. तेव्हा मंडळानं शास्त्रीय मार्ग धरला. उत्तर ओहायोतल्या झाडून सगळ्या रीजंट गाड्या परगण्याच्या जत्रेच्या मैदानावर ओळीनं उभ्या केल्या, दारं उघडली आणि आत पाहिलं. कुठे गुलाबी, कुठे फिकट गुलाबी, कुठे धुऊन धुऊन विरलेल्या उशीच्या अभ्र्यासारखा जेमतेम गुलाबी. इतक्या गाड्या मिळून खोटं बोलणार नाहीत, असं आमच्या अध्यक्ष ग्लेनिस पोटॉकी म्हणाल्या आणि ते सगळ्यांना पटलं. मग सगळ्या गुलाबींची सरासरी काढून रंगाच्या दुकानातून तसं एक कार्ड बनवून आणलं आणि परीक्षण-पुस्तिकेत चिकटवलं.

पुस्तिका मी लिहिलेली आहे. मी लायल बेकविथ, मंडळाचा परीक्षक, विभाग अंतर्गत प्लास्टिक. वर्षातून दोनदा मेळावा भरतो तेव्हा पांढरे सुती हातमोजे घालून, टॉर्च आणि कान कोरायच्या काड्या घेऊन मी एकेका गाडीत शिरतो आणि कार्ड लावून पाहतो. माझ्या बायकोला, डोरीनला, यात हसण्यासारखं काय दिसतं ते मला कळलेलं नाही. तिचं म्हणणं, घरातला नळ गळतोय तो बघायला मला वेळ नाही आणि लोकांच्या गाडीतली धूळ काडीनं कोरायला आहे. नळ हा माझा विभाग नाही.

परीक्षणात उतरलेल्या गाडीला 'मूळ स्थिती' अशी पितळी पट्टी मिळते. पट्टी मिळालेली गाडी मालकाला पुढे स्वतःकडे ठेवता आली नाही, तर तिला मंडळाच्या हॉलमध्ये कायमची जागा मिळते. हॉल म्हणजे जत्रेच्या मैदानावरची, कोंबड्यांच्या प्रदर्शनाची जुनी इमारत. हवा दमट झाली की तिथे अजून कोंबड्यांचा वास येतो, पण छप्पर पक्कं आहे आणि अधूनमधून कोणीतरी सभासद येऊन गाड्यांची इंजिनं सुरू करून बघतो. जुन्या गाडीला यापेक्षा बरं म्हातारपण मिळत नाही. मिस्टर एस्टेपना ही जागा हवी होती.

ऑर्विल एस्टेप हे आमच्या शाळेचे बँडमास्तर. आमच्या पिढीतल्या निम्म्या गावाला त्यांनी वाजवायला शिकवलं आणि उरलेल्या निम्म्याला 'तू नुसता धरून उभा राहा' असं सांगितलं. मी दुसऱ्या निम्म्यातला. त्यामुळे माझी साठी उलटली तरी त्यांना ऑर्विल म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि तेही मला अजून अरे-तुरे करतात. रीजंट त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, अर्डिथनं, शोरूममधून नवी कोरी घेतली होती. अर्डिथ जाऊन काही वर्षं झाली. आता थंडी पडायच्या आत ते नदीपलीकडच्या वृद्धांच्या वसाहतीत राहायला जाणार होते. तिथे खोली आहे, दुपारी बिंगो आहे, गाडीला जागा नाही. त्यांची मुलगी कॉलीन गावातच राहते, पण तिच्या अंगणात नवऱ्याचा ट्रक आणि नवऱ्याची बोट आधीच उभी. तेव्हा हिशेब सरळ होता. पट्टी मिळाली तर गाडी हॉलमध्ये, नाही मिळाली तर भंगारात. भंगारवाला येऊन गाडी बघूनही गेला होता, आणि बघताना त्यानं दार न उघडता नुसती लांबी-रुंदी पाहिली, हे मिस्टर एस्टेपना फार लागलं.

त्यांची गाडी गेली कित्येक वर्षं दर रविवारी चर्चसमोरच्या उन्हात उभी राहिलेली. आतून ती इतर गाड्यांसारखीच व्यवस्थित मंद गुलाबी झाली होती. तशीच आणून उभी केली असती तर मी डोळे झाकून पट्टी लावली असती. पण 'मूळ स्थिती' या शब्दांचा त्यांनी भलताच अर्थ घेतला. त्यांना वाटलं, मूळ म्हणजे गाडी आली तेव्हा होती तशी.

कॉलीनच्या फोनवर कुठलीशी चित्रफीत बघून त्यांनी सगळं प्लास्टिक उतरवलं. दारांच्या आतली कव्हरं, समोरच्या कप्प्याचं झाकण, हवेच्या जाळ्या, सीट-बेल्टची टोपणं. घोड्यांना पाणी पाजायचं लांब पत्र्याचं टाकं त्यांनी शेतीसामानाच्या दुकानातून आणलं आणि थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की तळायच्या दोन गॅस-शेगड्यांवर आडवं ठेवलं. पाण्यात कृत्रिम कापडाला लावायचा रंग, थोडा भांडी घासायचा साबण. पाणी उकळू द्यायचं नाही, नाहीतर प्लास्टिक पापडासारखं वळतं. उकळीच्या अलीकडे धरून ठेवायचं आणि एकेक भाग हलवत राहायचं. रंग वर बसत नाही, आत मुरतो. मग नखानं खरवडा, घासा, काही करा, जात नाही. मिस्टर एस्टेप अर्डिथच्या मुरंब्याच्या लांब डावानं ते हलवत बसले होते. बँडला ताल देताना हात जसा चालायचा तसाच चालत होता, असं शेजाऱ्यांनी मला नंतर सांगितलं.

उन्हाळ्याच्या मेळाव्याला सगळे सभासद रिवाजाप्रमाणे आपापल्या गाडीमागे घडीच्या खुर्च्या टाकून, पायाशी बर्फाची पेटी ठेवून, भाजलेली कणसं खात बसले होते. मी मिस्टर एस्टेपच्या गाडीचं दार उघडलं आणि माझ्या हातातली टॉर्च तशीच राहिली. आत गडद डाळिंबी. दारं डाळिंबी, डॅशबोर्ड डाळिंबी, कोपरा न् कोपरा सारखा. गाडी सुंदर दिसत होती, हे मी नाकारत नाही. सौंदर्याला पुस्तिकेत रकाना नाही.

मी कार्ड लावलं. कार्ड डाळिंबीवर पडलेल्या कागदासारखं दिसलं.

"मिस्टर एस्टेप, रंग मूळचा नाही."

"लायल, ही गाडी मी शोरूममधून बाहेर काढली. डाळिंबी होती."

"पुस्तिकेत मंद गुलाबी आहे."

"पुस्तिका कोणी लिहिली?"

"मी."

"तेव्हा तू कुठे होतास?"

मी तेव्हा शाळेत, त्यांच्याच बँडमध्ये, ट्रम्पेट नुसता धरून उभा होतो. पण हे परीक्षणाच्या कामकाजात येत नाही. मी त्यांना शांतपणे समजावलं की आठवण हा पुरावा नव्हे, आठवण वयाबरोबर गडद होत जाते. त्यांनी पुढे वाकून ॲशट्रे खेचून काढला. त्याच्या मागच्या, गाडीला कायमच्या जडलेल्या खाचेत, जिथे कधी ऊन पोचलं नव्हतं आणि टाक्यातलं पाणीही पोचलं नव्हतं, प्लास्टिक डाळिंबी होतं. रंगवलेल्या भागाशी तंतोतंत जुळणारं.

प्रकरण माझ्या अधिकाराबाहेर गेलं. मी ग्लेनिसना बोलावलं, ग्लेनिसनी समितीला बोलावलं, आणि समितीनं आळीपाळीनं त्या खाचेत डोकावून पाहिलं. मग सगळे लिंबू-सरबताच्या तंबूत गेले. निकाल लवकर लागला. अंधारात राहिलेलं प्लास्टिक काळवंडतं, असं समितीचं मत पडलं. सिगारेटच्या राखेजवळ तर फारच. ॲशट्रेमागचा रंग हा रंग नसून साचलेली घाण आहे. उजेडात राहिलेला भाग तेवढा निकोप समजावा.

तंबूच्या मागे ग्लेनिस माझ्याशी मोकळेपणानं बोलल्या. डाळिंबी खरा धरला तर आजवर पट्टी दिलेल्या सगळ्या गाड्या खोट्या ठरतात, त्यांची स्वतःची धरून. त्यांनी तर गाडीला जुळतील अशा मंद गुलाबी उशाही विणून घेतल्या होत्या. लोकांच्या घरी जाऊन पट्ट्या उपटायच्या का, असं त्यांनी मला विचारलं. मला मिस्टर एस्टेपचं वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण मंडळाची अब्रू एका बाजूला आणि एक गाडी दुसऱ्या बाजूला, अशा वेळी माणसानं कोणत्या बाजूला उभं राहायचं ते उघड असतं, विशेषतः मंडळाच्या बाजूला खुर्च्या जास्त असतील तर.

तरी समितीनं माणुसकी दाखवली. थंडीआधी आणखी एक मेळावा होता. तोवर गाडी 'मूळ रंगात परत' आणावी, पट्टीचा विचार होईल, असं मिस्टर एस्टेपना कळवलं. ते म्हणाले, हा रंग जात नाही, म्हणून तर तो लावला. ग्लेनिसनी सुचवलं की उन्हात ठेवून बघा, ऊन हा निसर्गाचा कारागीर आहे.

त्या सप्टेंबरात ओहायोत ऊन पडलं नाही. इरी सरोवरावरून ढग येत राहिले. तेव्हा कॉलीननं दारांची कव्हरं उचलली आणि बाजारपेठेतल्या त्या दुकानात नेली, जिथे हिवाळ्यात लोक दिव्यांच्या पेटीत पडून कातडी तांबूस करून घेतात. दुकानदारीणबाई नियमाला पक्की. पेटीत जे पडेल त्याला ग्राहक समजायचं, आणि ग्राहकाचा त्वचाप्रकार विचारायचा, असा तिचा शिरस्ता. कॉलीननं 'कडक' असं सांगितलं. बाईनं झाकण लावण्यापूर्वी सवयीनं कव्हरावर डोळे झाकायचा छोटा काळा चष्माही ठेवला. पुष्कळ खेपा झाल्या. रंग कणभर उतरला नाही. चष्म्याची जागाही उमटली नाही. लोकांची कातडी सोलून निघते तेवढ्या उजेडात डाळिंबी ढिम्म राहिला. वैतागून कॉलीन ती कव्हरं परत घरी घेऊन आली.

दरम्यान एक वेगळीच गोष्ट घडली. घरच्या घरी प्लास्टिक रंगवता येतं आणि तो रंग जन्मभर टिकतो, ही बातमी मंडळात फुटली. आमच्या सभासदांच्या गाड्या मंद गुलाबी होत्या खऱ्या, पण सारख्या नव्हत्या. ड्रायव्हरच्या बाजूला फिक्या, मागे गडद, खिडकीपाशी जवळजवळ पांढऱ्या. दरवेळी मी गुण कापायचो आणि दरवेळी ते तोंड वाकडं करायचे. आता त्यांना उपाय सापडला. शेतीसामानाच्या दुकानातली टाकी संपली. गुलाबी रंगाची पाकिटं शेजारच्या परगण्यातही मिळेनात. ज्या गावात थँक्सगिव्हिंगशिवाय कोणी शेगडी बाहेर काढत नाही, तिथे गराजा-गराजातून वाफा निघू लागल्या आणि माणसं कार्ड हातात धरून पाण्यात डोकावू लागली. ग्लेनिसच्या गाडीची उजवी बाजू पार पांढरी पडली होती. ती त्यांनी दोनदा बुडवून काढली.

हे नियमात बसवणं माझ्याकडे आलं. मी पुस्तिकेत दुरुस्ती केली. मूळ रंगाच्या दिशेनं केलेलं रंगकाम म्हणजे संवर्धन. मूळ रंगापासून दूर नेणारं रंगकाम म्हणजे छेडछाड. दुरुस्ती वाचून डोरीननं विचारलं, "म्हणजे सगळ्यांनी रंगवलं, आणि रंगवल्याबद्दल शिक्षा एकट्या बँडमास्तरला?" मी तिला म्हटलं की तिला नियमातली बारकी छटा कळत नाही. ती म्हणाली, छटा तिला चांगली कळते, तिनंच माझ्या उशीचे अभ्रे बदलले आहेत. त्या वेळी मला तिच्या बोलण्याचा रोख कळला नाही.

याच सुमारास मिस्टर एस्टेपनी माझ्याकडे पुस्तिका वाचायला मागितली. मला बरं वाटलं. ती अथपासून इतिपर्यंत वाचणारे ते पहिलेच.

मेळाव्याआधीच्या समितीच्या बैठकीला कॉलीन आणि मिस्टर एस्टेप दोघं आले. कॉलीननं एक फोटो टेबलावर ठेवला. गाडी घेतली त्या दिवशीचा, शोरूमसमोरचा. अर्डिथ बोनेटला टेकून हसतेय, शेजारी मिस्टर एस्टेप, आणि गाडीचं दार सताड उघडं. आत डाळिंबी. फोटो हातोहात फिरला. खजिनदारांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, पुन्हा पुसला. मला वाटलं, आता संपलं. खरं सांगायचं तर मला जरा हायसंही वाटलं.

ग्लेनिसनी फोटो जवळ ओढला.

"शेजारचे गृहस्थ कोण?"

"बाबा," कॉलीन म्हणाली.

"यांचे केस काळेभोर आहेत."

"तेव्हा होते."

"समोर बसलेत त्यांचे पांढरे आहेत," ग्लेनिस म्हणाल्या. "फोटोतले रंग खरे मानायचे, तर हे ते गृहस्थ नव्हेत. आणि हे तेच गृहस्थ मानायचे, तर फोटोतले रंग खरे नाहीत. दोन्ही एकदम मागू नका."

इतका बिनतोड युक्तिवाद मी मंडळात कधी ऐकला नव्हता. खजिनदारांनी तो लिहून घेतला. कॉलीन मात्र भडकली आणि बरंच काही बोलली. ती म्हणाली, तिच्या वडिलांना गाडी कुठेतरी छपराखाली राहावी एवढंच हवंय, आणि आम्ही एवढी मोठी माणसं एका गुलाबी चिटोऱ्यासाठी ती चिरडायला पाठवतोय, रात्री झोप कशी लागते आम्हाला. इतिवृत्तात 'कन्येनं मत मांडलं' अशी नोंद झाली.

मिस्टर एस्टेप मात्र चिडले नाहीत. त्यांनी टेबलाभोवती एकेकाकडे पाहिलं, बँड सुरू व्हायच्या आधी पाहायचे तसं. ग्लेनिसचे तांबूस सोनेरी केस, खजिनदारांची कुळकुळीत मिशी, माझे तपकिरी. सगळ्यांत जास्त वेळ ते माझ्याकडे बघत राहिले.

"ग्लेनिस, तू पहिल्या रांगेत क्लॅरिनेट घेऊन बसायचीस. तेव्हा केस मातकट होते तुझे."

"हे संवर्धन आहे," ग्लेनिस म्हणाल्या. "मूळ रंगाच्या दिशेनं."

"दिशा कोण ठरवतं?"

"ज्याचं डोकं तो."

"मग मीपण डोकं टाक्यात बुडवू का?"

ते चेष्टा करत होते, पण समितीत चेष्टेला नोंदीचा रकाना नाही. ग्लेनिसनी गंभीरपणे सांगितलं की मालकाची ओळख फोटोशी जुळवून घेतल्यास फेरविचार होऊ शकेल. मिस्टर एस्टेप मान डोलावून उठले. माझ्या केसांबद्दल एक खुलासा करतो. ते मूळचे तपकिरीच आहेत.

थंडीआधीचा मेळावा आला. सकाळी गवतावर दव पांढरं पडलं होतं, भंगारवाल्याचा ट्रक फाटकाबाहेर येऊन थांबला होता. कॉलीननंच त्याला बोलावलं होतं, कारण दुसऱ्या दिवशी वडिलांचं सामान हलायचं होतं. मैदानात सगळ्या रीजंट एका रांगेत, सगळ्यांची दारं उघडी, आणि पहिल्यापासून शेवटच्या गाडीपर्यंत एकच एक मंद गुलाबी. इतकं मूळ दृश्य मंडळाच्या इतिहासात कोणी पाहिलं नव्हतं. रांगेच्या टोकाला डाळिंबी गाडी, आणि तिच्या मागे घडीच्या खुर्चीत मिस्टर एस्टेप. त्यांचं डोकंही डाळिंबी होतं. भुवयांसकट.

समिती पळत आली. ग्लेनिसनी विचारलं, हे काय. ते म्हणाले, तुम्ही सांगितलंत तसं केलं, पाणी मात्र गार घेतलं. काळे करायचे होते, असं ग्लेनिस म्हणाल्या. टाक्यात डाळिंबीच उरला होता, असं ते म्हणाले. लोक कणसं टाकून गोळा झाले. काही हसत होते. ग्लेनिसच्या मानेवर लाली चढली आणि त्यांनी तिथल्या तिथे निकाल सांगितला, गाडी चुकीची, मालकही चुकीचा.

"पूर्ण चुकीची?" मिस्टर एस्टेपनी विचारलं.

"पूर्ण."

"काही शंका? थोडी बरोबर असेल?"

"अजिबात नाही. इतकी चुकीची गाडी मंडळानं पाहिलेली नाही."

"लायल, तुझंही हेच मत?"

मी कार्ड काढलं, पुन्हा एकदा लावून पाहिलं, आणि माझंही हेच मत असल्याचं सांगितलं. सगळी समिती एकमुखानं हो म्हणाली. इतकं एकमत आमच्यात आइस्क्रीमच्या चवीवरही होत नाही.

"मग तुझ्या पुस्तिकेतलं शेवटून दुसरं पान काढ," ते मला म्हणाले.

मी काढलं. मीच लिहिलेलं, सुरुवातीच्या उत्साहात. 'सभासदांच्या शिक्षणासाठी चुकीच्या रंगकामाचा एक ठळक नमुना मंडळ आपल्या हॉलमध्ये कायम जतन करील.' असा नमुना आम्हाला कधी मिळाला नव्हता, कारण आपली गाडी चुकीची म्हणून द्यायला कोण तयार होणार? मी ते वाक्य मोठ्यानं वाचलं. मिस्टर एस्टेपनी गाडीची किल्ली माझ्या हातमोज्यावर ठेवली आणि ते म्हणाले की यापेक्षा ठळक नमुना त्यांच्या वयात त्यांना जमणार नाही. कॉलीन फाटकाकडे गेली आणि भंगारवाल्याला परत पाठवून आली. येताना ती रडत होती, हसतही होती.

आता ती गाडी हॉलच्या मधोमध आहे. खिडक्यांपासून लांब ठेवली आहे, कारण तिच्यावर ऊन पडून रंग फिका झाला तर चूक नीट दिसणार नाही, आणि मग शिक्षण कसं होणार? तिच्यावर चांगला दिवा आहे आणि पुढे पाटी आहे, 'चुकीचा रंग'. योग्य गाड्या कडेनं, खिडक्यांखाली. त्या दरवर्षी आणखी फिकट होतात, त्यामुळे दरवर्षी संवर्धन करावं लागतं. येणारे लोक मात्र सरळ मधल्या गाडीपाशी जातात आणि तिथेच रेंगाळतात. मध्ये एक बाई नवऱ्याला म्हणाली, आमच्याकडे होती ती अगदी अश्शी होती. मी पुढे होऊन तिला तिची चूक दाखवून दिली. तिनं पाटी दोनदा वाचली.

मिस्टर एस्टेप अधूनमधून रविवारी येतात, गाडीत बसतात, कॉलीन बाहेर उभी राहते. केसांवरचा रंग काही प्लास्टिकसारखा टिकला नाही. एकदा वसाहतीत त्यांना भेटायला गेलो तेव्हा ते बिंगो खेळत होते. डोक्याचा रंग चांगलाच उतरला होता. मी सवयीनं खिशातलं कार्ड काढून त्यांच्या कानाशी धरलं. तंतोतंत मंद गुलाबी. डाळिंबी विटला की काय होतो, ते माझ्या हातात होतं, कार्डाच्या कडेला, स्पष्ट. ते माझ्याकडे बघत होते. "काय दिसतंय, लायल?" त्यांनी विचारलं. मी कार्ड खिशात घातलं आणि सांगितलं की केस हा माझा विभाग नाही.

घरी येताना मला बोलायचं होतं, पण कोणाशी? आता तुमच्याशी बोललो, तर तुम्ही हसताय. हसा. फक्त पुढच्या रविवारी न्हाणीघराचं दार लावून, जुना टॉवेल खांद्यावर टाकून, वाटीत कलप कालवायला घ्याल तेव्हा डबीवर काय छापलंय ते वाचा. 'नैसर्गिक काळा.' निसर्गाचं मत काही वेगळं पडलं होतं, पण तुमच्या समितीनं ते फेटाळलं आहे, आणि मला तुमचा निर्णय पूर्ण मान्य आहे. एक परीक्षक म्हणून एवढंच सुचवतो, कानामागची जागा विसरू नका. बहुतेकांचे गुण तिथेच जातात.